कुंकवाखालची मुंगी

आष्टीच्या शिवारात, बांधावरच्या कडुलिंबाखाली लक्ष्मीआईला हळदकुंकू वाहताना तुळजाबाईंना मुंगी चावली आणि त्यांची सून अर्पिता ओरडतच धावली. मुंगीला कुणी भितं का? पण गेल्या दिवाळीत अशाच एका मुंगीने तुळजाबाईंचा घसा बंद केला होता. पुन्हा तीच चावली तर तडक दवाखाना गाठा, उशीर झाला तर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"कशाला घाबरून राह्यली? काळी हाये," सासूबाईंनी चेंगरलेली मुंगी तळव्यावर दाखवली. "काळी मुंगी देवाची. तिची बाधा न्हाई होत."

अर्पिताने कॉलेजात मुंग्यांवरच प्रकल्प केला होता. या झाडावर दोन जाती होत्या, सख्ख्या बहिणीच म्हणा. दोघींचे डोळे मोठे, अंग सडपातळ, कमरेला दोन गाठी, मागे नांगी. एक नखशिखांत काळी. ती चावली तर नुसती आग होते. दुसरीचं डोकं काळं, पोट काळं, मधली छाती तेवढी तांबडी. घसा आवळणारी ती.

तळव्यावरच्या मुंगीची छाती लाल होती.

"अगं, कुंकू लागलंय तिला! बोटं बघ माझी," तुळजाबाई म्हणाल्या. दवाखान्याचं नाव काढलं की त्यांना कापरं भरायचं.

बोटं खरंच कुंकवाने भरली होती. देवा, कुंकूच असू दे! अर्पिताने ओढणीचं टोक तांब्यात बुडवून मुंगी हळूच पुसली. ओढणीवर लाल डाग उतरला. तिचा जीव भांड्यात पडला. तरी तिने पुन्हा पुसलं. या वेळी ओढणीला काहीच लागलं नाही, आणि छाती तांबडीच होती.

विषाची परीक्षा बघत बसायची ही वेळ होती का? "अहो, गाडी काढा, जल्दी!" ती नवऱ्यावर, भारतवर किंचाळली.

परतूरच्या रस्त्याला तुळजाबाई मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसल्या होत्या. आधी बडबडत होत्या, मग गप्प झाल्या. अर्पिता त्यांच्या पाठीला कान लावून श्वास ऐकत राहिली. श्वासातून शीळ यायला लागली तेव्हा तिला रडूच फुटलं.

इंजेक्शन वेळेत मिळालं. बऱ्याच वेळाने तुळजाबाईंनी डोळे उघडले, सुजल्या ओठांनी म्हणाल्या, "काळीच होती गं."

"हो आई," अर्पिता म्हणाली. काळी असावी असं तिलाही किती वाटलं होतं.