धुरपताबाईचं वायफाय

“कोणता दिवा लागला हाये, विचारून राह्यला जहीरभाऊ!”

टेकडीवरच्या बेहड्याच्या झाडाखालून झिंगू ओरडला. खाली बोअरिंगजवळ उभ्या असलेल्या रंजीतानं ते ऐकलं आणि गावाकडे तोंड करून तसंच्या तसं पुढे ओरडून सांगितलं. कुंपणाच्या फाटकात शेजारची सोमी उभी होती. तिनं मान आत वळवली.

“भाऊ, दिवा कोणता म्हन्ते?”

मुखरू हलामी ओसरीत उकिडवा बसला होता. समोर पाटावर वायफायचा, दोन शिंगांचा काळा डबा होता.

“लाल,” तो म्हणाला.

“लाल!” सोमी ओरडली. “लाल!” रंजीता ओरडली. टेकडीवर झिंगूनं एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानावर हात ठेवून कुरखेड्याच्या जहीरला सांगितलं, “लाल हाये म्हन्ते.”

हिरडाटोल्याला टॉवर नाही. टेकडीवर बेहड्याखाली उभं राहिलं तर फोनवर नेटवर्कची एखादी काडी येते, तीही वाऱ्यावर असल्यासारखी. गावात फोन लागायचा तो फक्त मुखरूच्या अंगणात, या काळ्या डब्यावरून. तो डबा आज सकाळपासून मुका होता, आणि मुका केला होता तो खुद्द मुखरूनंच.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर रीना बसली होती, सोमीची सून. नववा महिना भरत आला होता. नवरा बुधू तेंदूच्या हंगामाला एटापल्लीकडे गेला होता. रात्री कळा सुरू झाल्या तर दवाखान्याची गाडी बोलवायची याच अंगणातून. टेकडीवर जायचं तर दिवसाच. तळ्याच्या बाजूला हत्ती उतरले आहेत, दिवस मावळल्यावर कोणी तिकडे फिरकू नका, असं फॉरेस्टवाले कालच सांगून गेले होते.

“मामा, तुमी घाबरू नोका,” रीना म्हणाली. “हे पोरगं बापासारखं हाये. येतो म्हन्ते अन् येत नाई.”

मुखरू हसला नाही. त्याला सारखं वाटत होतं, चांगला चालता डबा आपण का हलवला?

चांगला चालता म्हणायचा तरी कसा? महिनाभर तो मध्येच बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मुखरूची सारी नोकरी लाईनमन म्हणून गेली. त्यानं वायर तपासली, प्लग बदलला, अर्थिंग पाहिलं. काही सापडेना, तेव्हा पिशवीत घालून तो डबा कुरखेड्याला जहीरच्या दुकानात नेला. जहीर पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता मोबाईल आणि असले डबे.

“नवीन घ्या, भाऊ,” जहीर म्हणाला होता. “मशीन बढिया हाये, पन आतला प्रोग्राम बुढा झाला. कंपनीनं त्याच्याकडं पाहनंच सोडलं.”

“डबा बदलाचा नाई,” मुखरू म्हणाला. “आतलं बदलत असन तं बदल.”

जहीरनं त्याच्याकडे पाहिलं आणि डबा जवळ ओढला. धुरपताबाईला तोही ओळखत होता.

मुखरूची बायको धुरपता गावची आशा सेविका होती. ग्रामपंचायतीकडे जाणारी इंटरनेटची केबल घरावरून गेली तेव्हा तिनं केबल टाकणाऱ्या पोरांना अंगणातच अडवलं. “आमच्या घरात टाकल्याबिगर पुढं जाचं नाई,” म्हणाली. त्यांना जेवू घातलं, आणि केबल घरात आली. मग हा डबा तिनं आणला. गावात कोणाला ताप आला, कोणाला साप चावला, कोणाच्या कळा सुरू झाल्या, की माणसं फोन घेऊन अंगणात यायची. आणि मागच्या पावसाळ्यात एका सकाळी ती स्वतःच चुलीपुढे कोसळली, तेव्हा मुखरूनं याच अंगणातून फोन लावला होता.

गाडी आली होती. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर वाटेतच गेली असती. ती वाटेत गेली नाही. गडचिरोलीच्या दवाखान्यात पंधरा-वीस दिवस होती. अर्ध्या अंगात ताकद नव्हती, पण जीभ चालत होती. त्या दिवसांत दोघं जेवढं बोलले तेवढं संसारात कधी बोलले नव्हते. नोकरीत तो खांबावर असायचा, ती गावात. तिथं काही कामच नव्हतं. ती बोलायची, तो तिच्या हाताला तेल लावत ऐकायचा. मग ती गेली. पण ते दिवस त्याला मिळाले होते, आणि ते या डब्यानं दिले होते. असा डबा भंगारात कसा टाकायचा? हे त्यानं जहीरला सांगितलं नव्हतं.

जहीरनं आतला प्रोग्राम पुसून दुसरा टाकला. हा कंपनीचा नाही, म्हणाला. जगभरच्या लोकांनी मिळून बनवला आहे, कोणीही घ्यावा, फुकट.

“कोन लोक?” मुखरूनं विचारलं होतं.

“काय मालूम. जर्मनीचे, कुठचे कुठचे.”

“त्याईले आपल्या डब्याची काऊन पडली?”

“तुमाले लोकाईच्या लाईनीची काऊन पडत होती, पावसात खांबावर चढत होते तवा?”

“मले पगार होता, बावा.”

“मंग त्याईचं तुमच्यापेक्षा भारी हाये,” जहीर म्हणाला होता.

दुकानात डबा मस्त चालला. घरी आणून लावला, तर काहीच नाही.

दुपारी शाळेचे संघपाल गुरुजी लॅपटॉप घेऊन आले. पहिली गोष्ट जहीरनं झिंगूमार्फत कळवली ती ही, की नव्या प्रोग्रामात वायफाय मुळातच बंद असतं, डब्याला वायर लावून आत शिरून ते सुरू करावं लागतं. गुरुजींनी ते केलं. वायफाय दिसू लागलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण फोन काही लागेना. दिवा लालच.

मग बराच वेळ गुरुजी काहीतरी विचारायचे आणि टेकडीवरून काहीतरी यायचं. एकदा झिंगू ओरडला, “चहा ठेवाले सांगते!” रंजीता ओरडली, “चहा ठेवा!” सोमी फाटकातून आत गेली आणि मुखरूच्या चुलीवर पातेलं चढवलं. चहा उकळल्यावर कळलं, की जहीर आपल्या दुकानातल्या माणसाशी बोलत होता.

“आता ठेवलाच हाये तं प्या,” सोमी म्हणाली. “जहीरभाऊच्या नावानं.”

पहिला कप तिनं मुखरूपुढे ठेवला. एवढ्या लोकांचा चहा त्या चुलीवर बऱ्याच दिवसांनी झाला होता. मुखरू कप हातात धरून बसला.

“थंडा होते, भाऊ.”

“पेतो.”

तेवढ्यात नवा प्रश्न आला. भिंतीवर जो पांढरा डबा आहे, केबलवाल्यांचा, त्याच्या खालच्या चिठ्ठीवर नंबर कोणता?

मुखरूनं स्टुलावर चढून चष्मा लावला आणि वाचला. गुरुजी मान वर करून म्हणाले, “हाच तर काळ्या डब्याचा पण हाये.”

हे टेकडीवर पोचलं. मग झिंगूचा आवाज आला, “जहीरभाऊनं कपायावर हात मारून घेतला म्हन्ते!”

नव्या प्रोग्रामानं काळ्याला दिलेला पत्ता आणि पांढऱ्याचा पत्ता एकच होता. जहीरच्या दुकानातल्या केबलच्या डब्याचा पत्ता वेगळा, म्हणून तिथं चाललं. इथं एकाच घरात दोघं एका नावाचे झाले. काळ्यानं बाहेर हाक मारली, की ती स्वतःलाच ऐकू येत होती.

“म्हंजे दोन बुधूसारखं,” रीना म्हणाली. “दुसऱ्या बुधूचं आधारकार्ड आमच्या घरी, आमच्या बुधूचं त्याच्या घरी.”

“काळ्याचा पत्ता बदलायचा,” गुरुजी म्हणाले. त्यांनी एक आकडा बदलला, बटण दाबलं. पडद्यावर एक रेघ सरकू लागली. सगळे ओसरीत गोळा होऊन बघत राहिले. रेघ संपली, आणि आकडा पुन्हा जुनाच झाला.

“आपल्या मनानंच मागं गेला,” गुरुजी म्हणाले. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

ऊन आता झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. टेकडीवरून झिंगू ओरडला, “लवकर सांगा गा! तळ्याकडून काडक्या मोडल्याचा आवाज येऊन राह्यला!”

“त्याले उतर म्हना,” मुखरू उठून फाटकात आला. “झिंगू, उतर खाली! राहू दे!”

“गप बस, मुखरू!” टेकडीवरून उलटा आवाज आला. “हत्तीले माह्यात काय भेटते? हाडकंच तं हायेत!”

मुखरूनं मागे वळून रीनाकडे पाहिलं. ती आता विनोद करत नव्हती. एक हात कमरेवर ठेवून भिंतीला टेकली होती.

“काऊन बाई?”

“काई नाई, मामा. कंबर भरली जराशी.”

सोमीनं सुनेकडे पाहिलं, मग मुखरूकडे पाहिलं.

झिंगूनं पुन्हा फोन लावला होता. यावेळी निरोप लांब होता, तुकड्या-तुकड्यांनी आला. झिंगू एकेक तुकडा ओरडायचा, रंजीता पुढे द्यायची, सोमी आत आणायची.

“पत्ता बदलला का डबा वाट पाह्यते म्हन्ते!”

“नव्या पत्त्यावर कोनी हाक मारते का म्हून!”

“जास्त नाई थांबत! दीडक मिनिट!”

“कोनीच हाक नाई मारली, का त्याले वाटते आपला मानूस हारपला! मंग तो मुकाट जुन्या जागी जाऊन बसते!”

“त्याच्या मनानं तो चांगलंच करते म्हन्ते! आपला मानूस घराभायेर राहू नाई म्हून!”

सोमीनं शेवटचं सांगितलं, तेव्हा तिला स्वतःलाच काही वाटलं असावं. ती जरा हळू बोलली.

मुखरू काळ्या डब्याकडे बघत राहिला. धुरपता गेल्यापासून सोमी रोज संध्याकाळी फाटकाशी यायची. “भाऊ, जेवले काय? इकडं या बसाले,” म्हणायची. झिंगू यायचा, खोकून जायचा. मुखरू आतूनच ‘हो’ म्हणायचा आणि दार ओढून घ्यायचा.

“मंग का कराचं?” त्यानं विचारलं.

“बटण दाबलं, की लॅपटॉपची वायर काढायची, परत लावायची, आणि लगेच नव्या पत्त्यावर जायचं,” गुरुजी म्हणाले. “मी पत्ता टाकतो. वायर तुम्ही सांभाळा.”

“वायर माह्याकडं द्या,” मुखरू म्हणाला. वायर हे त्याचं काम होतं.

गुरुजींनी बटण दाबलं. मुखरूनं वायर काढली, श्वास घेतला, पुन्हा बसवली. कट्ट आवाज आला. गुरुजींची बोटं चालली. पडदा पांढरा झाला, तसाच राहिला, आणि मग नव्या पत्त्यावर पान उघडलं. काळ्या डब्याचा दिवा लालाचा हिरवा झाला.

कोणी ओरडलं नाही. आधीच्या टाळ्या फुकट गेल्या होत्या.

“आता नाव,” गुरुजी म्हणाले. “वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनंच ठेवलं तर सगळ्यांचे फोन आपोआप जुळतील. नवीन ठेवलं तर एकेकाच्या फोनमध्ये टाकावं लागेल. काय करू?”

सगळे मुखरूकडे पाहू लागले. नाव धुरपताचं होतं.

“तेच राहू द्या,” तो म्हणाला. “पासवर्ड मले नाई येत. धुरपताच पाहे सारं.”

“कॅपिटल डी, एच, यू, आर...” सोमी सुरू झाली. सोमीला अक्षर येत नव्हतं. धुरपतानं पाढ्यासारखं तिच्याकडून घोकून घेतलं होतं, की घरात कोणी नसलं तरी अडू नये. शेवटच्या आकड्यांपर्यंत ती न चुकता म्हणत गेली आणि गुरुजी टाईप करत गेले.

मग एकेक फोन वाजू लागला. आधी गुरुजींचा. मग रीनाचा. मग बोअरिंगवरून पळत आलेल्या रंजीताचा, फाटकात पाऊल टाकल्याबरोबर. दिवसभराचे निरोप सगळ्यांच्या हातात एकदम पडायला लागले.

रीनानं फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“हॅलो, जहीरभाऊ,” पलीकडून झिंगू म्हणाला, “इथून काईच आवाज नाई. मले वाटते अजून लालच हाये.”

“काका, मी रीना. अंगणातून बोलून राह्यली.”



“मंग मी कायले उभा हाये इथी?”

अंगण हसलं. मुखरूही हसला, आणि हसता हसता त्याला खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसावे लागले. झिंगू येईपर्यंत तो फाटकात उभा राहिला. आला तेव्हा त्याच्या पायाला काटे, अंगाला घाम.

“जेवून जाजो,” मुखरू म्हणाला.

“तुह्या हातचं?” झिंगू म्हणाला. “त्याच्यापेक्षा हत्ती बरा होता.” पण तो जेवला. सोमीनं घरून आंबील आणली, मुखरूनं भात टाकला. जेवण झाल्यावर मुखरूनं जहीरला फोन करून दिवा हिरवा झाल्याचं सांगितलं. मग म्हणाला, “तुह्या नावानं चहा पेला आमी.”

पहाटे कोंबडा आरवायच्या वेळी त्याला अंगणात चाहूल लागली. सोमी होती. तिनं त्याला उठवलं नव्हतं. काळोखात उभी राहून ती फोनवर बोलत होती, घाई न करता, शिकवल्यासारखं.

“हो, पयलं बाळंतपन. हो, कळा चालू हायेत. हिरडाटोला. इथी कोनालेबी विचारा, धुरपताबाईचं घर. अंगनातच उभे राहतो आमी.”

मुखरू उठला. त्यानं बाहेरचा दिवा लावला, रीनासाठी बाज फाटकाशी नेऊन ठेवली आणि रस्त्यावर येऊन उभा राहिला. मागच्या पावसाळ्यात गाडी आली तेव्हा कुंपण आडवं आलं होतं, वळवताना ड्रायव्हरला फार मागे-पुढे करावं लागलं होतं. दवाखान्यातून एकटा परतल्यावर त्यानं आधी कोणतं काम केलं असेल तर ते कुंपण आत सरकवलं होतं. कोणी विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं.

उजाडता उजाडता गाडीचे दिवे दिसले. ड्रायव्हरनं एकदाच स्टेअरिंग फिरवलं. गाडी एका दमात वळली आणि तोंड रस्त्याकडे करून उभी राहिली.