तोशाची पुढची गोष्ट

"मेलो!" म्हणून भरमा ओरडला, तेव्हा अक्काताई सुपातल्या तांदळातले खडे वेचत होती. तिनं मान वर केली नाही.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती अशी धावत आली होती, की मागं चुलीवरचं दूध सगळं उतू गेलं होतं. आता सवय झाली होती. ही पोरं टीव्हीवरचा व्हिडिओ गेम खेळताना सगळं स्वतःवर घेऊनच बोलत. मी मारला, मी पळालो, मला पोलिसांनी धरलं. भरमा तर उद्यमबागेच्या फौंड्रीत साचे भरणारा, एका लेकीचा बाप. पण टीव्हीसमोर मांडी घातली की तोही गळा काढायचा.

"मरणारच," चंदना म्हणाली. "आधी दुकानात शेवयांचा वाडगा खाऊन ताकद भरून घ्यायची सोडून मारामारी करत सुटलास. आण इकडं तो रिमोट."

"थांब गं. सहाजण एकदम आले अंगावर. तुझ्या निपाणीची माणसं हाईत जणू."

"आमच्या निपाणीची माणसं समोरून येतात म्हटलं."

भरमा हसला नाही. त्यानं रिमोट तिच्या मांडीवर ठेवला.

चंदना निपाणीच्या जैनांची पोर. बेळगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि रविवारी स्कूटीवरून येळ्ळूरला यायची. तिची, भरमाची आणि अक्काताईच्या लेकाची, रविराजची, ओळख झाली ती या जपानी खेळापायीच. टीव्हीखालची काळी पेटी रविराजची. तो घरात नसला तरी ती दर आठवड्याला सुरू झाली पाहिजे, असा त्याचा निरोप होता. तो हिंडलग्याच्या तुरुंगात होता.

खेळ गुंडांचा. पंधरा-वीस वर्षं त्याचे भाग निघतच होते. त्यातला नायक तोशिरो. अक्काताईनं त्याचा तोशा करून टाकला होता. तोशा दांडगा, पण मनानं हळवा. पहिल्याच भागात तो हारू नावाच्या मित्राचा गुन्हा आपल्या अंगावर घेतो आणि तुरुंगात जातो. बाहेर येतो तोवर शहर बदललेलं असतं. पुढं भाग कितीही निघाले, तरी ही मंडळी भांडायची ती त्या पहिल्या भागावरूनच.

"हारू भेकड होता," आजही चंदनानं काढलंच. "मित्र आत सडतोय आणि हा बाहेर सूट घालून फिरतोय. एकदा तरी तोंड उघडायचं."

"तोंड उघडून काय झालं असतं? दोघं बी आत गेले असते," भरमा म्हणाला.

"जाऊ देत की. निदान भेटायला तरी जायचं. गेला का एकदा तरी?"

"कुठल्या तोंडानं जाणार?"

"आता तोंडाचं कारण काढ. तू नेहमी हारूचीच बाजू घेतोस बघ."

अक्काताईला हे भांडण आवडायचं. तिला गोष्ट हवी असायची. दर भेटीला रविराज जाळीपलीकडून तेच विचारायचा, "तोशाचं पुढं काय झालं?" नवा भाग आला तेव्हा तो आतच होता. सगळं सांग, पण शेवट सांगू नकोस, तो मी बाहेर येऊन स्वतः बघीन, हा त्याचा नियम. म्हणून ती रविवारी नीट कान देऊन ऐकायची आणि बुधवारी बसमध्ये मनाशी घोकत जायची. तिच्या मालकांनाही तुरुंग घडला होता, सीमालढ्यात. ते सुटून आले तेव्हा गावानं वेशीपासून हलगी लावून आणलं होतं, आणि नव्या नवरीसारखी लाजलेली अक्काताई ओवाळायला पुढं झाली होती. तेव्हा तुरुंग हा सांगायचा विषय होता. आता गावातली माणसं पाऊस-पाण्याचं विचारत आणि चालू लागत.

रविराजनं माणूस मारला होता. म्हणजे तसं तो म्हणत होता. गावच्या कुस्त्यांच्या मैदानाच्या दिवशी, माणसं पांगायला लागल्यावर, ट्रॅक्टर उभे केले होते तिथं भांडण झालं. भरमाच्या फौंड्रीतलाच एकजण डोक्याला मार लागून पडला, दवाखान्यात गेला तो परत आला नाही. पोलीस पोचले तेव्हा रविराज हातात सळई धरून उभा होता. "मी मारलं," म्हणाला. पुढं वकिलानं कितीही खोदून विचारलं तरी त्याला दुसरा शब्द फुटला नाही. कोंबडं कापताना आत जाऊन बसणारं आपलं पोर, त्याच्या हातून हे झालं कसं, एवढंच अक्काताईला कळून घ्यायचं होतं. पण जाळीपलीकडं त्याचं तोंड बघितलं की ती तोशाचीच गोष्ट काढायची. आणि आता निकाल जवळ आला होता.

चंदना त्या रविवारी लवकर गेली. परीक्षेचे पेपर तपासायचे होते. भरमा मात्र उठला नाही. पडद्यावर तोशा एका बोळात नुसता उभा होता. कुणी बटणं दाबत नसली की तो तसाच उभा राही, खांदे खालीवर करत, दमल्यासारखा.

"मावशी, एक भाग सांगायचा ऱ्हायला," भरमा म्हणाला. "चंदनानं अजून बघितला न्हाय. रवीला सांगा."

"सांग की."

"तोशा खाली पडलाय. एक दांडगा त्याच्या छातीवर बसून गळा दाबालाय. तोशाचे पाय झाडायचे बंद झाल्यात. मी मागनं आलो."

"मी म्हंजे कोण रं?"

"हारू. हितं हारूच्या अंगानं खेळाय लागतंय."

"हारू मेलेला न्हवं?"

"मागचं दाखवत्यात, मावशी. आधी काय घडलतं ते." भरमा पडद्याकडं बघत होता. "मी लई हाका मारल्या. सोड म्हणलं, मरंल त्यो. सोडंना. खाली सळई पडलीती. उचलली आन् घातली. एकदाच."

सळई म्हटल्यावर अक्काताईच्या बोटांतला खडा निसटून पुन्हा तांदळात गेला. पण सळया काय, जिथं तिथं पडलेल्या असतात, तिनं स्वतःला समजावलं.

"मग?"

"तोशा उठला. खोकलाय लागला. मग माझ्या हातातनं सळई काढून घेटली त्यानं. म्हणला, घरला जा. तुझी बायको बाळतीन हाय. मी न्हाय म्हणलो. त्यानं मला ढकलला. जा म्हणला. मी गेलो."

"आन् पुढं?"

"पुढं खेळलो न्हाय. तिथंच अडकलोय." भरमानं उठून टीव्ही बंद केला. चप्पल घालताना त्याला पट्टा सापडेना.

बुधवारी अक्काताईनं बसमध्ये सगळं घोकलं. सळईचं गाळावं का, असंही एकदा मनात आलं. पण काही गाळायचं नाही, असं रविराजला वचन दिलेलं होतं.

जाळीशी नेहमीची गर्दी होती. सगळे एकदम बोलत, त्यामुळं ओरडूनच बोलावं लागे. एरवी रविराज मधे मधे शंका काढायचा. तोशाच्या अंगात कोट होता की शर्ट? सायकल उचलून मारली की खुर्ची? आज तो काहीच विचारेना. ती सांगत सांगत हारूपाशी आली तसा तो कपाळ जाळीला टेकवून ऐकत राहिला. बोलणं संपलं तरी त्यानं कपाळ उचललं नाही.

"आवाज येतोय न्हवं रं?" तिनं विचारलं.

"येतोय. हे चंदनानं सांगितलं?"

"भरमानं. चंदना आधीच गेलती."

"आणि कोण होतं ऐकाय?"

"मी एकटी."

रविराजनं कपाळ बाजूला घेतलं. जाळीचे चौकोन त्याच्यावर उमटले होते. तो जरा हसल्यासारखं करून म्हणाला, "आई, ह्यो भाग कुणाला सांगू नगंस. वकिलाला न्हाय, चंदनाला न्हाय. शेवट फुटतोय."

"न्हाय सांगत."

"भरमाची पोरगी चालाय लागली काय गं?"

"धरून धरून चालती म्हणं."

"बरं," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "बरं." मग वेळ संपल्याची हाळी आली. तो आत जाताना त्याची पाठ तिला दिसली. त्याचा बाप मान ताठ करून चालायचा, हा मात्र लहानपणापासूनच खाली बघून चालणारा.

येताना बसमध्ये जागा होती, तरी अक्काताई येळ्ळूरपर्यंत दांडी धरून उभी राहिली.

रविवारी चंदना आधी आली. तिनं पेटी लावली, टीव्ही लावला. अक्काताईनं उकडलेल्या शेंगांची ताटली तिच्यापुढं ठेवली आणि तिथंच बसली.

"चंदना, ह्या भागात हारूच्या अंगानं खेळाय मिळतंय काय गं?"

चंदना हसली. "हारू? नाही हो मावशी. हारू चौथ्या भागात मेला. सगळीकडं तोशाच."

"मागचं दाखवत असतील की. आधीचं."

"या भागात मागचं काहीच दाखवलेलं नाही. मी शेवटपर्यंत दोनदा खेळले." ती शेंग सोलत थांबली. "का हो? कोण म्हणालं?"

"कोण न्हाय. मीच आपली इचारली. मला काय समजतंय त्यातलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. बाहेर मोटारसायकल थांबली. भरमा आत आला, नेहमीसारखा चपला बाहेर काढून, दाराच्या चौकटीला हात लावून. त्यानं अक्काताईकडं बघायचं टाळलं आणि चंदनाच्या हातातला रिमोट घेतला.

"आज मी आधी."

"घे बाबा. आधी शेवया खा एवढंच."

तोशा बोळातून चालू लागला. कोपऱ्यावर चारजण त्याची वाट अडवून उभे राहिले. भरमाचे अंगठे झपाझप चालत होते. अक्काताई त्या अंगठ्यांकडं बघत होती. साच्यातल्या वाळूनं काळे पडलेले, नखांपाशी भेगा पडलेले. याच पोराला तिनं लहानपणी रविराजच्या ताटात जेवू घातलं होतं. दोघं एकाच भाकरीची दोन टोकं धरून ओढायचे. तिच्या पोराचे पाय झाडायचे थांबले होते. आणि हा लांब उभा राहिला नव्हता. हे दोन्ही तिच्यासमोर एकदमच येत होतं, आणि कुठलं आधी धरावं ते तिला कळत नव्हतं. वकिलाचा फोन नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहिलेला होता. तिनं तिकडं एकदा बघितलं.

"भरमा."

"हं."

"रवीनं इचारलं, तुझी पोरगी चालाय लागली काय म्हणून."

अंगठे थांबले. पडद्यावर तोशाही थांबला. चौघांनी त्याला घेरलं, एकानं मागून धरलं, बाकीचे मारत सुटले.

"दाब की रे बटण!" चंदना ओरडली. "मरतोयस बघ!"

भरमाच्या हातात रिमोट तसाच होता. तोशा गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. पडदा लाल होऊन विझला. नेहमीची अक्षरं आली. भरमा ओरडला नाही.

"काय झालं रे तुला?" चंदना त्याच्याकडं आणि मग अक्काताईकडं बघत राहिली.

अक्काताईनं शेंगांची ताटली भरमापुढं सरकवली.

"बुधवारी भेट हाय," ती म्हणाली. "माझे गुडघे दुखालेत, मी न्हाय जाणार. तू जा. तुझा भाग तूच त्याला सांग."

भरमानं तिच्याकडं बघितलं. मग रिमोट खाली ठेवला.

"सकाळी लवकर जा, रांग लई असती," ती म्हणाली. "आन् आधार कार्ड घेऊन जा संगं. नाव लिवून घेत्यात तिथं, त्याबिगर आत सोडत न्हाईत."