उपाशी पळस

आमचा मोठा भाऊ सूर्यभान याने १९६२ साली एक झाड न वाढवण्याचं काम हाती घेतलं. कुठल्याशा मासिकात त्याने एका जपानी माणसाचा फोटो पाहिला होता. माणूस शांत बसलेला, आणि पुढ्यात ताटलीएवढ्या कुंडीत एक म्हातारं झाड. दादाने शेताच्या बांधावरून पळसाचा खुंट खणून आणला. पत्रावळींसाठी दरसाल छाटून छाटून तो आधीच अर्धा जपानी झाला होता.

दादाला अकोल्याच्या शेतकी कॉलेजात जायचं होतं. बाबांच्या मते त्याने अकोटच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी बांधाव्यात. शेवटी बाबा म्हणाले, "होळीपर्यंत याले फूल आलं तं कॉलेज. नाई आलं तं जिन."

दादाने पळसाला तांब्याच्या तारेने आवळलं, मुळं कातरली आणि पाणी मोजून द्यायला सुरुवात केली. महादेवरावांच्या, म्हणजे आमच्या बाबांच्या, घरी कोणालातरी उपाशी ठेवलंय, अशी बातमी आमच्या राजापेठेत पसरली. आईला ते सहन होईना.

"आपल्या दारातून कुत्रंबी उपाशी जात नाई," म्हणत ती म्हशीची सरकीची ढेप भिजवून कुंडीत टाकायची. दादा ती काढायचा. म्हैस दोघांकडे आळीपाळीने पाहायची.

एक दिवस शेजारच्या चतुराबाई आपल्या शालूला घेऊन आल्या. शालू पावणेसहा फूट. दोन स्थळं तिच्या खांद्यापर्यंत येऊन परत गेली होती.

"सूर्यभान, इले चार बोटं कमी कर ना बापा."

"काकू, ते झाड आहे!"

"मंग? इले तं तारबी नाई लागणार. सांगितलं तशी उभी राहते."

"माय, तूच राय कुंडीत उभी," शालू म्हणाली.

आधी झाडाचं काय होतं ते पाहू, मग पोरीचं, असं ठरवून चतुराबाई गेल्या.

माघात पळसाची सगळी पानं गळाली. लोक भेटायला येऊ लागले. फुलायच्या आधी पळस असाच बोडका होतो, असं दादा प्रत्येकाला सांगायचा. लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. आईने सगळ्यांना चहा दिला, कुंडीलाही अर्धा कप.

होळीच्या दिवशी सकाळी एक फूल उमललं. केशरी, बाकदार, आणि बांधावरच्या पळसाला येतं तेवढंच मोठं. वीतभर झाड त्याच्या वजनाने वाकलं होतं.

"फूल काहून लहान नाई झालं?" शालूला घेऊन आलेल्या चतुराबाईंनी विचारलं.

"फूल लहान होत नाई, काकू. झाडच लहान होते."

चतुराबाईंनी फुलाकडे पाहिलं. मग शालूच्या नाकाकडे पाहिलं. "म्हंजे पोरगी चार बोटं कमी, अन् नाक जसंच्या तसं? नको रे बापा!" आणि त्या पोरीला ओढतच घेऊन गेल्या.

बाबा कुंडीभोवती दोनदा फिरले.

"बाबा, तुमी शब्द दिला होता," दादा म्हणाला.

"शब्दाचं राहू दे. तुले जिनात धाडलं तं तू गाठी लहान करशील, अन् शेठ मले धरीन. जाय कॉलेजात. मास्तर लहान झाले तं आपलं काय जाते?"