धाकटीचा डबा

"ताई, कालची अंडी फक्कड झाली होती हं," धाकटीच्या इमारतीचा वॉचमन मला फाटकातच म्हणाला. "मीठ तेवढं जरा कमी पडलं."

मीठ मी मुद्दामच कमी घालते. पण याला ते कसं कळलं? मी कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण आहे. दोनशे माणसं माझ्या हातचं जेवतात आणि वर नावं ठेवतात, ते मी मुकाट्यानं ऐकून घेते. पण कालची अंडी त्या दोनशेंसाठी नव्हतीच, ती माझ्या धाकट्या बहिणीसाठी होती. तिला सातवा महिना लागलाय. नवरा बोटीवर, म्हणून आई तिच्याजवळ राहते आणि डबा माझ्याकडून जातो. मागच्या सोनोग्राफीत बाळ वजनाला कमी निघालं, तेव्हापासून मी डब्यात कोंबकोंब कोंबत होते. डबा लख्ख रिकामा परत यायचा आणि मी आपली खूश.

"आजी देतात ना रोज," वॉचमन म्हणाला. आजी म्हणजे माझी आई. मग माझा चेहरा बघून त्यानं वहीत डोकं घातलं.

बाळाचं वजन म्हटलं की मला माझंच दुखणं आठवतं. दोन वर्षांपूर्वी, अडतिसाव्या वर्षी, मी शेगडीसमोर छाती धरून खाली बसले. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली होती. ना तंबाखू, ना अंगावर चरबी, तरी रक्तदाब पंचविशीपासून पाचवीला पुजलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जन्मलात तेव्हा वजन किती होतं? म्हटलं, बाई, इतक्या मागे कशाला जाताय? त्या म्हणाल्या, आईच्या पोटात पुरेसं मिळालं नाही तर बाळ कसंबसं भागवून घेतं. मग रक्तवाहिन्यांच्या, मूत्रपिंडांच्या घडणीत कसर राहते आणि पुढे रक्तदाबाचा, हृदयविकाराचा धोका वाढतो. तेच एक कारण असतं असं नाही, पण विचारावं लागतं. आई खाटेशेजारीच उभी होती.

"चांगली गुबगुबीत होती ती," आई म्हणाली. विषय तिथंच मिटला.

जिना चढेपर्यंत माझं डोकं तापलं होतं. दार उघडंच होतं. आई ओट्याशी उभी राहून डब्यातलं निम्मं जेवण वेगळ्या ताटलीत काढत होती आणि धाकटी खुर्चीत बसून बघत होती. म्हणजे हीसुद्धा सामील.

"काय चाललंय हे?"

आई दचकलीसुद्धा नाही. "जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं. मग अडतं."

"कोणी सांगितलं तुला?"

"मला कोणी सांगायला हवं?" तिनं चमचा खाली ठेवला. "तुझ्याआधी एक मुलगा होता. खाऊनपिऊन चांगला पोसला पोटात. अडला, आणि बाहेर आला तो गेलेलाच. तुझ्या वेळी मी अर्ध्या पोटी राहिले. एवढीशी झालीस, पण रडलीस. हिच्या वेळीही तेच केलं."

मला एक भाऊ होता, हे मला चाळिशीत कळत होतं. "दवाखान्यात विचारलं तेव्हा धडधडीत खोटं बोललीस."

"खरं सांगून तुझी रक्तवाहिनी उघडली असती का?"

"अगं, पण डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना? ऐकूनही हिच्या तोंडचं काढतेस?"

"हृदयाचं नंतर बघता येतं. आधी जन्माला तर यायला हवं."

मी धाकटीकडे वळले. "आणि तू गं? मी पहाटे उठून मरमर मरते आणि तू रिकामा डबा घासून पाठवतेस? माझ्याशी नाटकं?"

ती रडायला लागली. "मला भीती वाटते, ताई. आणि तू जगलीस ना पण? गोळ्या खाऊन का होईना, आहेस ना."

मी बसले. माझ्यासारखं मूल झालं तरी चालेल, म्हणत होती ती. दर मजल्यावर दम खात थांबणारं, पण जिवंत. जिला मी कडेवर घेऊन वाढवलं, तीच हे म्हणत होती. इतकं वाईट मला दवाखान्यातल्या खाटेवरही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघींना घेऊन मी धाकटीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे समजावलं. बाळ अडायला कारणं बरीच असतात. मोठं वाटलं तर आम्ही लक्ष ठेवू, गरज पडली तर ऑपरेशन करू. उपाशी राहिल्यानं बाळंतपण सोपं होत नाही, उलट अशक्त बाळ कळांमध्ये लवकर थकतं.

बाहेर बाकावर बसून धाकटीनं अख्खा डबा संपवला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. बराच वेळ पदराचं टोक चाचपत होती. "म्हणजे तुझ्या वेळी मी उगाच उपाशी राहिले का गं?"

डॉक्टर असं काहीच म्हणाले नव्हते. भाऊ का गेला आणि मी का वाचले, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. 'नाही गं, तुझ्यामुळेच मी आहे' एवढं म्हटलं असतं तरी तिला पुरलं असतं. कोण जाणे, ते खरंही असेल. पण मग उद्याचा डबा पुन्हा निम्मा झाला असता.

"हो," मी म्हणाले. "उगाच."