उतार मिळणेबाबत

माहेफाची टॅक्सी वार्षिक तपासणीत पास झाली. शिक्का बसला, सही झाली, बघणाऱ्यांचे डोळे भरून आले. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरून चालू. अजून सकाळ आहे, टॅक्सी चढाच्या टोकाला उभी आहे आणि पास होण्यासारखं तिच्यात काहीही नाही.

अंतानानारिव्हो शहर टेकड्यांवर वसलंय, ही त्या टॅक्सीवर देवाची कृपाच. तिचा स्टार्टर कधी गेला ते माहेफाला आठवत नव्हतं; दुःख व्हावं इतकी दोघांची ओळखच झाली नव्हती. गाडी उतारावर सोडायची, दुसरा गिअर टाकायचा, क्लच सोडायचा, की झाली सुरू. उभी करायची तीही उतारावरच, चाकाखाली दगड लावून. "दादा, उतरताय तसे जरा हँडब्रेक लावता का?" असं म्हणत तो गिऱ्हाइकाच्या हातात दगड द्यायचा. पुढून हँडल मारून सुरू करायची सोय मूळ गाडीत होती. पण ते हँडल आता ड्रायव्हरची सीट धरून होतं. ते काढलं असतं तर माहेफाला मागच्या सीटवर बसून गाडी चालवावी लागली असती.

पेट्रोल पायाशी ठेवलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत. किती उरलं ते कळायला खाली बघायचं. हॉर्न होता, पण स्टिअरिंग डावीकडे वळवल्यावर वाजणारा. वायपर ब्रेक दाबल्यावर हलायचे. थोडक्यात, गाडीतलं सगळं चालत होतं. फक्त जिथून चालवायचं तिथून चालत नव्हतं.

गाडी सासूबाईंच्या नावावर होती. आदल्या संध्याकाळी भात वाढता वाढता त्या म्हणाल्या होत्या, "उद्या कागद दिसला नाही तर किल्ली परत. तुझा मेहुणा तिच्यात कोंबड्या ठेवणार आहे. आतली जागा मोजून गेलाय."

"आई, ती टॅक्सी आहे."

"कोंबड्यांना चालेल."

खरी अडचण वेगळीच होती. तपासणी केंद्र खाली, भातखाचरं बुजवून केलेल्या जमिनीवर होतं. ताटासारखं सपाट. आणि फाटकावर पाटी: 'आवारात येताना वा जाताना ढकलावे किंवा ओढावे लागणारे वाहन नापास समजण्यात येईल.' म्हणजे आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत इंजिन बंद पडता कामा नये. आणि तपासणीची सुरुवातच मुळी इंजिन बंद करण्यापासून व्हायची.

म्हणून माहेफाने रालाईकाकांना सोबत घेतलं. काका लग्नांत मुलाकडून बोलत. इथे कुणी उठून नुसतं 'मुलगी द्या' म्हणत नाही. उभं राहिल्याबद्दल माफी, आपल्याहून मोठे बसलेले असताना तोंड उघडल्याबद्दल माफी, मग पूर्वजांची माफी. मुलीचा विषय निघेपर्यंत जेवण दोनदा गरम करावं लागतं. असं भाषण सुरू असताना मधे बोलणं म्हणजे अंगावर कपडे न घालता देवळात शिरण्यासारखं. आणि माफी मागण्यात काकांचा हात धरणारा अख्ख्या मुलखात कुणी नव्हता.

"इंजिन बंद करा," तपासनीस वुलुलुनाबाई म्हणाल्या. तरुण होत्या, कडक होत्या, हातात पेन होतं.

माहेफाने काकांकडे पाहिलं. काकांनी खांद्यावरची पांढरी शाल सारखी केली आणि ते खिडकीतून उतरले, कारण त्यांच्या बाजूचं दार सायकलच्या ट्यूबने बांधलेलं होतं.

"मी इथला वडीलधारा नाही," काकांनी खर्जात सुरुवात केली. "माझ्याआधी उभं राहायला माझ्याहून योग्य माणसं आहेत..."

"आजोबा, मी फक्त इंजिन बंद करा म्हटलं."

"तेच, लेकी. पण त्या वाक्यापर्यंत पोचायचं तर आधी तुझ्या पूर्वजांची परवानगी घ्यायला हवी."

रांगेतल्या ड्रायव्हरांनी टोप्या काढल्या. वुलुलुनाबाईंचं पेन हवेतच राहिलं. काका डोंगरांची, नद्यांची, रस्ते बांधणाऱ्यांची आणि ते न बांधणाऱ्यांचीही माफी मागत पुढे सरकत होते. माहेफाने खाली पाहिलं. बाटलीत चार बोटं पेट्रोल उरलं होतं. त्याने 'आटपा' अशी खूण केली. काकांना वाटलं, पोरगा भारावलाय. त्यांनी हवेचीही माफी मागितली.

तेवढ्यात माडीवरून केंद्राचे मुख्य अधिकारी अंद्रियाम्बेलो खाली आले. ते शनिवारी लग्नांत बोलत, पण मुलीकडून. चांगलं भाषण कानावर पडलं आणि आपण उत्तर दिलं नाही, असं त्यांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, हात मागे बांधले.

"माफी पोचली," ते म्हणाले. "पण आमची मुलगी लाडात वाढलेली आहे."

"साहेब, गाडी," वुलुलुनाबाई कुजबुजल्या.

"फार लाडात!"

काका क्षणभर गडबडले, पण सवय ती सवय. "आम्ही ऐकलंय, जरा धापा टाकते."

"धाप नव्हे. लाजते."

"चढावर आतून वाफ येते म्हणतात."

"मायेची ऊब आहे."

"डावीकडे वळली की ओरडते."

"घरच्यांना सांगून जाते. वळण चांगलंय."

"जिथे बसेल तिथे तेल सांडतं."

"म्हणजे रिकाम्या हाताने कुणाच्या दारी जात नाही!"

बाटलीत दोन बोटं. रेडिएटरमधून माया फुसफुसत बाहेर येत होती.

"थांब म्हटलं तर लगेच थांबत नाही, असंही कानावर आहे," काका म्हणाले.

"साहेब, ब्रेक!" वुलुलुनाबाई ओरडल्या.

"कोण बोललं ते?" अधिकाऱ्यांनी डोळे न उघडताच विचारलं. "मुलीकडच्यांनी मधे बोलू नये. मुलगी उद्योगी आहे. एकदा कामाला लागली की लागली."

रांगेतल्या दोन बायका डोळे पुसू लागल्या. एका ट्रकवाल्याने नाक शिंकरलं.

"तिला उपाशी ठेवू नका," अधिकाऱ्यांचा आवाज चिरकला. "दिली! जमलेल्या सगळ्यांसमोर दिली!"

चारचौघांत दिलेला शब्द. वुलुलुनाबाईंनी दात आवळून शिक्का मारला, अधिकाऱ्यांनी चाचपडत सही केली आणि मग डोळे उघडले. समोर एक मळकट पांढरी टॅक्सी होती.

"मी काय दिलं?"

"टॅक्सी, साहेब. पास करून."

इतकी शांतता पसरली की माहेफाला खाली न बघताच कळलं. बाटली संपली होती. इंजिन बंद पडलं होतं.

पेट्रोल मिळालं असतं. उतार कुठून आणणार? चार ड्रायव्हर बाह्या सरसावून पुढे आले. वुलुलुनाबाईंनी पेनाने फाटकावरची पाटी दाखवली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या हसल्या.

"ढकला ना. मी बघतेय."

कागद माहेफाच्या खिशात होता आणि गाडी हलवली की तो रद्द. संध्याकाळी सासूबाई आल्या. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"हा कागद. गाडी?"

"पास झालीय, आई."

"ते वाचलं. घरी कधी येणार?"

माहेफाने फाटकावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात केंद्राच्या पहारेकऱ्याची कोंबडी मागच्या सीटवर बसू लागली. मेहुण्याचं माप बरोबर होतं. जागा ऐसपैस होती. सासूबाई आता दर रविवारी येतात, अंडी पदरात घेतात आणि एकच शब्द बोलतात, "बघ."

त्या शब्दाने हैराण होऊन माहेफाने काकांच्या मदतीने अर्ज केला. काकांची माफीची पानं वगळून तो असा:

'विषय: उतार मिळणेबाबत. महोदय, आपण स्वतः साक्षीदारांसमक्ष दिलेली माझी टॅक्सी आपल्या आवारात उभी असून नियमानुसार ती ढकलता येत नाही व स्वभावानुसार ती आपणहून निघत नाही. तरी आवाराची पूर्वेकडील बाजू किमान एक पुरुष उंच करून मिळावी. ते शक्य नसल्यास संपूर्ण शहर कामकाजाच्या कोणत्याही दिवशी थोडा वेळ पश्चिमेकडे कलते करण्यात यावे. रविवार मात्र कृपया टाळावा, कारण त्या दिवशी सासूबाई गाडीत असतात व चाकाखालील दगड काढण्यास मी स्वतः उत्सुक असल्याचा गैरसमज होऊ शकतो, ही नम्र विनंती.'