पुढच्या चाकांतली हवा

आमच्या मासिकात मला पाठीमागे ‘मागची चाकं’ म्हणतात. मला ते माहीत आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही. वीस वर्षं मी वेगवान गाड्या चालवून त्यांच्याबद्दल लिहितोय आणि वीस वर्षं एकच तुणतुणं वाजवतोय: इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना द्या, पुढच्यांना नुसतं वळू द्या. मग गाडी वळणात चालवणाऱ्याशी बोलते. अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबलात तर शेपूट बाहेर काढते, सावरलंत तर ऐकते. ताकद चारही चाकांना वाटली की गाडी भरवशाची होते, ओल्या रस्त्यावरही पळते आणि कुणालाही चालवता येते. हे शेवटचं मी नेहमी नाक मुरडून लिहीत आलोय.

या वेळची तुलना अगदी सरळ होती. एकच गाडी, एकच इंजिन, टायरही तेच. फक्त एकीची ताकद मागच्या दोन चाकांना, दुसरीची चारही चाकांना. कंपनीने दोन्ही ट्रॅकवर आणून उभ्या केल्या. वेळ मोजायला आणि टायर बघायला आमची मोजणीवाली होती. तिला सगळे ताई म्हणतात, मीही म्हणतो, माझ्याहून सतरा वर्षांनी लहान असली तरी. तीन वर्षं ती माझ्या फेऱ्या मोजत होती. पुढच्या अंकापासून तिलाही गाड्या चालवून लिहायला द्यावं असं संपादकांच्या मनात होतं, फक्त ती चालवते कशी हे त्यांना आधी कळायला हवं होतं. तीन वर्षं ती त्याचीच वाट बघत होती.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. दोन-तीन जोरदार फेऱ्या झाल्या की टायर तापतात, आतल्या हवेचा दाब चढतो. मग थांबायचं, थोडी हवा सोडून दाब ठरल्या आकड्यावर आणायचा आणि मगच मोजायची फेरी मारायची. मागच्या चाकांच्या गाडीच्या वेळी मी हे सगळं शिस्तीत करून घेतलं. वेळ आली सत्त्याहत्तर सेकंद. मग चार चाकांच्या गाडीची पाळी आली. दोन फेऱ्या मारून थांबलो तेव्हा ताई चाकं तपासून माझ्या खिडकीशी आली.

“दादा, पुढची दोन्ही फार चढलीयेत. सोडू का हवा?”

“राहू दे गं. एकच फेरी तर मारायचीय.”

हे मी मुद्दाम केलं का? स्वतःला खूपदा विचारून झालंय. ठरवून नव्हतं केलं. पण त्या गाडीचं भलं व्हावं असं काही मला वाटत नव्हतं, आणि तोंडून ‘राहू दे’ किती पटकन गेलं ते मला चांगलं आठवतंय. फुगलेल्या टायरांची पकड सुटली. मी स्टिअरिंग फिरवतोय आणि गाडी आपली नाकासमोर सरळ निघालीय. सत्त्याहत्तर पूर्णांक सहा. मी मनात म्हटलं, बघा, मी सांगत नव्हतो?

जेवणानंतर ती गाडी कंपनीच्या ट्रकपाशी पोचवायची होती. मी फोनवर गप्पा छाटत बसलो होतो, म्हणून उदारपणे म्हणालो, “तू ने. हवं तर तीन-चार फेऱ्या मार.” तिने दोन फेऱ्या मारल्या, थांबली, जमिनीवर गुडघे टेकून चारही चाकांची हवा मापून सोडली आणि पुन्हा निघाली. माझ्या गप्पा थांबल्या. माझ्या वेळी बाहेर पळणारी तीच गाडी आता वळणात मुकाट्याने आत शिरत होती. वळण अर्धं होण्याआधीच ताईने अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याचं आवाजावरून कळत होतं आणि चारही चाकं गाडीला ओढून बाहेर काढत होती. मी उठून मोजणीच्या यंत्रापाशी गेलो. शहात्तर पूर्णांक एक. माझ्या लाडक्या गाडीतल्या माझ्या फेरीपेक्षा नऊ दशांश सेकंद कमी. आमच्या धंद्यात याला किरकोळ म्हणत नाहीत.

ती उतरली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. “दादा, आकडा बघितलात?”

“आता ट्रॅक तापलाय,” मी म्हणालो. “आणि ही काही मोजायची फेरी नव्हती.”

ती हेल्मेट ठेवायला गेली आणि मी बटण दाबून तो आकडा पुसून टाकला.

लेख झोकात लिहिला. चार चाकांची गाडी नाकाने जड आहे, मनाने मठ्ठ आहे, वगैरे. अंक निघाल्यावर आठवड्याभरात कंपनीच्या इंजिनिअरचं पत्र आलं. गाडी स्वतःच टायरांचा दाब नोंदवून ठेवते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मोजायच्या फेरीत पुढच्या टायरांचा दाब किती होता ते त्याने पत्रात मांडलं होतं.

संपादकांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. “हवा बघायचं काम कुणाचं?”

“ताईचं,” मी म्हणालो. ते खरंच होतं.

“मी दादांना विचारलं होतं,” ती म्हणाली. “ते राहू दे म्हणाले.”

संपादकांनी माझ्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मी खरं बोलेन याची तिला खात्री होती.

“मला नाही आठवत असं काही,” मी म्हणालो.

तिची नोकरी तीन-तीन महिन्यांच्या करारावर होती. त्या महिन्यात करार संपला, तो पुढे वाढवला नाही. जिला हवा धड बघता येत नाही तिच्या हातात गाडी कुठे द्यायची, असं संपादक म्हणाले. मी मूग गिळून बसलो.

घरी बायकोपासून फार दिवस लपलं नाही. ताटातलं अन्न चिवडत बसायची मला सवय नाही. तिने खोदून विचारलं आणि मी हवेचं सगळं सांगून टाकलं. तिने माझं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “इतरांच्या गाड्यांचे दोष पानभर लिहिता ना? मग स्वतःचा लिहा की. हात मोडलाय का?”

मी लिहिलं. हवा सोडू नको असं मीच सांगितलं, संपादकांसमोर खोटं बोललो, तुलना रद्द समजावी. ताईच्या फेरीपाशी आल्यावर मात्र थांबलो. ती फेरी अधिकृत नव्हतीच, आकडाही आता यंत्रात नाही, उगाच विषय कशाला वाढवा, असं म्हणून तेवढं सोडून दिलं. मी खोटारडा आहे हे मी जगाला सांगू शकलो. ती माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवते, हे काही सांगवेना.

अंक निघाला आणि माझीच वाहवा झाली. वाचकांची पत्रं आली, असा प्रामाणिकपणा आता कुठे राहिलाय म्हणून. संपादकांनी पाठ थोपटली. आणि लाज वाटते सांगायला, पण मला ते गोड लागलं.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला.

“दादा, वाचलं.”

“माझं चुकलं गं. फारच चुकलं.”

“हो. संपादकांनी परत बोलावलंय मला. मोजणीला.”

“वा! आणि चालवायचं काय म्हणाले?”

“त्यासाठी कशाला बोलावतील? मी चालवते कशी, हे तुमच्याशिवाय कुणी बघितलंय?” ती म्हणाली. “हवेचं लिहिलंत, बरं केलंत. मी पुढचा परिच्छेद शोधत होते. पान उलटून पण बघितलं.”

ट्रॅक तापला होता, हे पुन्हा म्हणायची सोय नव्हती.

“ठेवते,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. महिनाभराने तिचा चेहरा मोकळा दिसत होता. “ताईच ना? काय म्हणाली?”

“छान लिहिलंय म्हणाली.”

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली आणि अंक घेऊन शेजारणीला दाखवायला गेली.