मुलुंडची कौल देणारी मोटार

रविवारी सकाळी मुलुंडच्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. भांडुपहून माणसं आली होती, ठाण्याहून आली होती, एक कुटुंब तर पार दहिसरहून डबे बांधून आलं होतं. सगळ्यांच्या हातात नारळ आणि सगळ्यांचे डोळे उंबराखाली उभ्या असलेल्या एका हिरव्या, उघड्या, म्हाताऱ्या मोटारीवर. मोटारीच्या दोन्ही दिव्यांना हळदकुंकू लागलं होतं, बॉनेटवर झेंडूच्या माळा होत्या, आणि स्टिअरिंगला कोणीतरी रेशमी सोवळं नेसवलं होतं.

"गप! गप बसा सगळे!" गुणाजीबुवाने काठी आपटली. "देव विचार करतोय!"

देव विचार करत होता, म्हणजे डावीकडे कललेला होता. एक कारकून नुकताच डाव्या फूटबोर्डवर चढून, बॉनेटशी तोंड नेऊन, आपली बदली रद्द होईल का असं विचारून खाली उतरला होता. गुणाजीबुवाने डोळे मिटले. "बोल रे माझ्या रथराया! ब्रेकात तू, क्लचात तू, पंक्चरलेल्यांचा कैवारी तू! लेकराला नाराज करू नकोस!" असं म्हणत त्याने मडगार्डवर काठीचा एक टोला हाणला. मोटारीच्या पोटातून 'कुर्रर्र' असा कण्हल्यासारखा आवाज आला, आणि आत चिटपाखरू नसताना तिची डावी बाजू चांगली चार बोटं वर उचलली गेली.

"डावा कौल! देव नाही म्हणतो! बदली रद्द करायची तर शांत करावी लागेल, बाजूला उभा राहा."

गर्दीने हात जोडले. कारकून तोंड पाडून बाजूला उभा राहिला. आणि गर्दीच्या मागे, कुंपणाला टेकून, मधुकर नेरुरकर दातओठ खात होता, कारण मोटार त्याची होती.

मधुकर एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता आणि डोक्याने मोटारवेडा. कुर्ल्याच्या भंगारातून त्याने ही गाडी उचलली होती. सरळ रस्त्यावर ती गुणाची होती, पण वळण आलं की अशी कलायची की आतली माणसं एकमेकांच्या मांडीवर जायची. मधुकरला तर हौशी मोटारवाल्यांच्या शर्यतीत उतरायचं होतं. मग त्याने चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींना जादा पाटे चढवले, आणि चारी कोपऱ्यांत धक्के दाबणारी जुन्या पद्धतीची यंत्रं बसवली. यंत्र कसलं, दोन लोखंडी दांड्या, मध्ये एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या आणि त्यांना आवळणारा एक नट. नट जितका आवळावा तितकी गाडी ताठ. मधुकरने तो जीव खाऊन आवळला. गाडी वळणावर कलायची बंद झाली, आणि रस्त्यावरचा चिंचोकासुद्धा बसणाऱ्याच्या मणक्याला कळू लागला. मधुकर मात्र "झकास! एकदम झकास!" म्हणत भांडुपपर्यंत फेऱ्या मारत होता.

असंच एकदा त्याने शेजारच्या रत्नप्रभाकाकूंना देवळातून घरी सोडलं. काकू म्हणजे भजनी मंडळाच्या अध्यक्ष आणि अंगाने भरभक्कम. उंबराखाली उजव्या फूटबोर्डवरून उतरता उतरता त्या म्हणाल्या, "देवा, यंदा तरी आमच्या बाळला मॅट्रिक होऊ दे." उतरल्या, पण दबलेली गाडी काही वर येईना. मग काकूंची नारळाची पिशवी मडगार्डवर आपटली, तशी गाडी कण्हत उजव्या बाजूने वर आली.

गल्लीतली बहुतेक घरं मालवण-देवगडकडची. गावी देवाच्या पाषाणाला कळ्या लावून कौल मागायचा, उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे मोटारीची भाषा कोणाला शिकवावी लागली नाही. त्याच आठवड्यात बाळ मॅट्रिक झाला. त्याने वर्षभर डोळे फोडून अभ्यास केला होता, पण ते आता कोण बोलणार? उंबराखाली पहिला नारळ फुटला आणि नारळाच्या वासावर गुणाजीबुवा आला. पूर्वी तो भांडुप स्टेशनाबाहेर दंतमंजन विकायचा. एक मात्र कबूल केलं पाहिजे. मधुकरनंतर ती गाडी नीट समजली कोणाला, तर त्यालाच. एका दुपारी चारदा चढून-उतरून त्याने तिचं सगळं मर्म काढून घेतलं.

मधुकरने हरप्रकारे सांगून पाहिलं. "दादा, देवबीव काही नाही रे. नट जास्त आवळलाय. मी आवळलाय, या हातांनी!"

त्याचा थोरला भाऊ काशीराम म्हणाला, "आवळलंस तूच रे. पण आवळूची बुद्धी तुका कोणी दिली?"

एकदा तो पाना घेऊन गाडीखाली शिरायला गेला, तर चौघांनी त्याच्या तंगड्या धरून त्याला बाहेर ओढला. "देवाला पाना लावतोस? लाज नाही वाटत?" तेव्हापासून स्वतःच्या गाडीत बसायचीही त्याला चोरी झाली होती.

तरी गाडी गेली तर गेली, एवढ्यावर मधुकर गप्प बसला असता. पण काशीरामची बायको प्रेमा क्षयाने आजारी होती. घाटकोपरच्या डॉक्टरांची इंजेक्शनं चालू झाल्यापासून तिचा ताप उतरला होता, खोकल्यातलं रक्त थांबलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "बरं वाटलं म्हणून मध्येच सोडाल तर दुखणं दुप्पट उलटेल." काशीराम भल्या मनाचा माणूस, पण दोघा भावांची आई याच रोगाने काशीरामच्या डोळ्यांदेखत गेली होती. तो भीतीने पार पोखरला होता, आणि अशी माणसं गुणाजीबुवाला लांबून ओळखू यायची. "सुयांनी रक्त पातळ होतं," तो काशीरामच्या कानाशी लागला. "सुया बंद, माझं अनुष्ठान चालू. पण मी कोण सांगणार? देवालाच विचारू." आज प्रेमाच्या इंजेक्शनांचा कौल होता, आणि तो पाळायची शपथ काशीरामने देवघरात घेतली होती.

सकाळी स्वयंपाकघरात मधुकर रडकुंडीला आला होता. "वहिनी, तो तुम्हाला डावीकडूनच चढवणार. उत्तर आधीच ठरलंय. तुम्ही जाऊ नका."

प्रेमा चहा गाळत म्हणाली, "मी नाही गेले तर हे माझ्या वतीने जातील. मी देवाशी भांडणार नाही, भावजी. फक्त दोनदा विचारणार."

आणि आता गुणाजीबुवाने तिचं नाव पुकारलं. काशीरामच्या खांद्याचा आधार घेत प्रेमा पुढे आली.

"बाई, तुम्ही डाव्या अंगाने चढा," गुणाजीबुवा मायेने म्हणाला.

प्रेमा डाव्या फूटबोर्डवर चढली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी इंजेक्शनं चालू ठेवू का?" आणि उतरली. गुणाजीबुवाने टोला हाणला. गाडी ढिम्म. त्याने आणखी एक हाणला. माळेतली दोन झेंडूची फुलं पडली, गाडी हलली नाही. आजाराने प्रेमाची पार काडी झाली होती. तिच्या वजनाने गाडी खाली बसलीच नव्हती, तर उठणार कुठून?

"देव रुसला!" गुणाजीबुवा ओरडला.

"रुसला नाही. मी हलकी आहे," प्रेमा म्हणाली. "रत्नप्रभाकाकू, जरा माझ्यासाठी तुम्ही चढता? तुमचं त्याचं जमतं."

काकू तर मानकरीणच. पदर खोचून त्या पुढे झाल्या. प्रेमाने त्यांना हाताला धरून गाडीच्या पलीकडे, उजव्या फूटबोर्डकडे नेलं.

"डावीकडून! ओ बाई, डावीकडून!" गुणाजीबुवाला घाम फुटला.

"का हो? देवाला या कानाने ऐकू येत नाही?"

गर्दीत खसखस पिकली. काकूंनी चढून तोच प्रश्न विचारला आणि त्या उतरल्या. गुणाजीबुवाने काठी पाठीमागे लपवली, तेव्हा काकूंनी स्वतःच्या पिशवीचा दणका मडगार्डला दिला. कुर्रर्र! उजवी बाजू वर आली.

"उजवा! हो म्हणाला!" लोक ओरडले. काशीरामने डोळ्यांना हात लावला.

"आता डावीकडून तेच विचारा, काकू," प्रेमा म्हणाली. काकू वळसा घालून डावीकडे गेल्या, चढल्या, उतरल्या, पिशवी आपटली. डावी बाजू वर आली. नाही. गर्दी गोंधळली.

"आता विचारा, आज रविवार आहे का?"

"नाही," गाडीने डावीकडून सांगितलं.

"वाट लागली! मग मी हाफिसात जातो!" कोणीतरी ओरडलं आणि गल्ली हसायला लागली. लोकांना आता चेव चढला. खारदांड्याच्या समुद्राचं पाणी गोड आहे का, असं काकूंनी उजवीकडून विचारलं, आणि गाडी हो म्हणाली. काकूंना धाप लागली होती, पण मान सोडवत नव्हता. एवढ्यात मघाचा कारकून पुढे सरसावला.

"काकू, तिथेच थांबा. उजवीकडूनच विचारा. गुणाजीबुवा चोर आहे का?"

काकू चढल्या. काकू उतरल्या. पिशवी आपटली. कुर्रर्र. उजवा कौल!

हसणं थांबलं. आणि इथे मधुकरच्या अंगावर काटा आला, कारण रविवारबद्दल खोटं बोलणाऱ्या, समुद्र गोड म्हणणाऱ्या मोटारीवर या वेळी लोकांनी मनापासून विश्वास ठेवला होता.

"देव बोलला! धरा साल्याला!"

माणसं धावली. गुणाजीबुवा उडी मारून बॉनेटवर चढला आणि काठी फिरवत किंचाळला, "अरे कसला देव! डोकी आहेत की खोकी? ज्या बाजूला माणूस चढतो ती बाजू खाली बसते, आणि हा नट तिला धरून ठेवतो! काठी मारली की पकड सुटते आणि ती वर येते! मोटार आहे रे ही! भंगारातली मोटार!"

"देवाला भंगार म्हणतो! मारा!"

जन्मात पहिल्यांदा तो खरं बोलत होता, आणि कोणी ऐकत नव्हतं. मधुकर त्या माणसाचा मनापासून तिरस्कार करत होता, तरीही तो गर्दीत घुसला आणि बॉनेटसमोर हात पसरून उभा राहिला.

"एक मिनिट! त्याला मारायचं तर नंतर मारा. आधी बघून तर घ्या!" त्याने खिशातून पाना काढला. "आज मला कोणी अडवलं तर खरंच डोकं फोडीन."

तो गाडीखाली शिरला. कोणी तंगड्या धरल्या नाहीत. नट सैल करून तो धुळीने माखून बाहेर आला आणि म्हणाला, "काकू, आता चढा आणि उतरा."

काकू चढल्या, गाडी दबली. काकू उतरल्या, गाडी लगेच वर आली आणि नुसती डुलत राहिली. काठी नाही, कुरकुर नाही. मग कारकून चढून उतरला. मग दहिसरची मंडळी चढली. पोराटोरांनी तर रांगच लावली.

"तो चोर आहे," मधुकर म्हणाला. "पण मोटारीने सांगितलं म्हणून नाही. कोणाला कुठल्या बाजूने चढवायचं ते तो ठरवत होता, हे तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत म्हणून. मोटारीचं ऐकून आज त्याला माराल, तर उद्या मोटारीचं ऐकून माझ्या वहिनीलाही माराल!"

रत्नप्रभाकाकूंनी पिशवी खाली ठेवली. "म्हणजे रे गुणाजी," त्या हळूच म्हणाल्या, "माझा जो मान होता, तो माझ्या वजनाचा होता?"

गुणाजीबुवाने गर्दीला तोंड दिलं असतं, पण काकूंना नाही. तो उडी टाकून जो पळाला तो आग्रा रोडलाच थांबला असेल. लोक नारळ उचलून, एकमेकांची नजर चुकवत पांगले.

काशीराम मात्र उंबराच्या पारावर बसून होता. देव गेला होता, भीती गेली नव्हती.

"मधू," तो म्हणाला, "आता मी विचारू तरी कोणाक?"

"डॉक्टरांना विचार, दादा. त्यांचं काय चुकतंय ते त्यांना तपासून बघता येतं. मोटारीला काय बघता येतं?"

"आणि मला विचारा," प्रेमा म्हणाली. "इतके दिवस बुवाला विचारलंत, मोटारीला विचारलंत. सुया माझ्या दंडात जातात. मला एकदा तरी विचारलंत?"

काशीरामने मान वर केली. गल्लीत अजून थोडी माणसं होती, पण त्याने कोणाची पर्वा केली नाही. "प्रेमा, तुका काय वाटता?"

"मला जगायचंय हो. बाकी काही नाही."

काशीराम तोंडावर उपरणं धरून ओक्साबोक्शी रडला. दुसऱ्या दिवशी मधुकरने गाडी काढली, तेव्हा वहिनीला आधार देऊन आत बसवणारा आणि "हळू चालव रे" म्हणून ओरडणारा काशीरामच होता. घाटकोपरच्या दवाखान्यात राहिलेली सगळी इंजेक्शनं तिने पुरी केली.

चमत्काराला नमस्कार करायची घाई झाली, तर वाचकहो, एवढं जरूर करा. जो प्रश्न डावीकडून विचारलात, तो उजवीकडूनही विचारून पाहा. उत्तर बदललं, तर तिथे देव नाही, कोणीतरी काठीवाला उभा आहे. आणि प्रश्न कोणाच्या जिवाचा असेल, तर आधी त्या जिवाला विचारा.